गावचा रस्ता कुणाचा, पुलाचा पैसा कुठला? क्रमांकापासून अनामत रकमेपर्यंत

सरपंचांपासून खासदारांपर्यंत सगळ्यांना निवेदनं दिली, पेपरात फोटो छापून आला, एकदा रास्ता रोकोही झाला, आणि दोन पावसाळे उलटले तरी खड्डे जिथल्या तिथे. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. दर वेळी उत्तर ठरलेलं असतं : "निधी नाही." हे उत्तर अर्धं खरं आहे. नव्या रस्त्याला पैसा मिळतो, कारण नव्या रस्त्याचा नारळ फुटतो आणि कोनशिला बसते. असलेल्या रस्त्याचं गटार उपसायला कुणी नारळ फोडत नाही, म्हणून तिथे पैसा शेवटी पोचतो, कधी पोचतच नाही. तो आपल्या रस्त्यापर्यंत आणायचा तर तीन गोष्टी आधी हातात हव्यात : रस्त्याचा क्रमांक, पैशाचं लेखाशीर्ष (पैसा अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून येतो त्याचा आकडा) आणि अर्ज देण्याचा योग्य महिना.

पहिलं काम : रस्त्याचा क्रमांक

रस्त्यांची आजची उतरंड १९४३ च्या नागपूर आराखड्यापासून चालत आली आहे. वर राष्ट्रीय महामार्ग, मग राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सगळ्यात खाली ग्रामीण मार्ग. कचेरीत शेवटच्या तिघांना प्र.जि.मा., इ.जि.मा., ग्रा.मा. म्हणतात आणि प्रत्येकापुढे आकडा असतो. सर्वसाधारणपणे राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे बोलीतल्या 'पीडब्ल्यूडी'कडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गाची मालकी केंद्राची. देखभाल कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण करतं, तर कुठे राज्याच्याच बांधकाम खात्याची राष्ट्रीय महामार्ग शाखा.

कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा बघितला तर पहिला अंदाज बांधता येतो. पिवळा म्हणजे राष्ट्रीय, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, काळा-पांढरा जिल्हा मार्गाचा आणि नारिंगी ग्राम सडक योजनेचा. पण दगडावर पूर्ण विसंबू नका. रस्त्याची दर्जोन्नती होऊन तो जिल्हा परिषदेकडून बांधकाम खात्याकडे जातो, आणि दगड मात्र जुनाच रंग मिरवत उभा राहतो. पक्की माहिती रस्ते नोंदवहीत आणि जिल्ह्याच्या रस्ते नकाशात मिळते. पंचायत समितीत बसणाऱ्या बांधकाम उपअभियंत्याकडे किंवा शाखा अभियंत्याकडे जा आणि आपल्या रस्त्याचा क्रमांक, सुरुवात-शेवट आणि लांबी वहीत टिपून घ्या. बऱ्याच जिल्ह्यांत बांधकामाचे दोन-दोन विभाग असतात, उत्तर-दक्षिण किंवा क्रमांक एक-दोन. आपला तालुका कोणत्या विभागात येतो तेही तिथेच विचारा, नाहीतर पत्र महिनाभर दोन इमारतींमध्ये फिरत राहतं.

काही रस्ते या उतरंडीत बसत नाहीत, आणि खरी फरफट त्यांचीच होते.

कॅनॉलच्या कडेचा रस्ता जलसंपदा खात्याचा असतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून आपण वर्षानुवर्षं मोटारसायकली आणि उसाच्या बैलगाड्या नेतो, त्याला गावात 'पूल' म्हणतो, पण कागदावर तो पाणी अडवायचा बंधारा असतो. पाटबंधारेवाले म्हणतात, वाहतुकीसाठी तो बांधलेलाच नाही. बांधकामवाले म्हणतात, तो आमचा नाही. दोघंही कागदाने बरोबर असतात. अशा ठिकाणी दुरुस्ती मागत बसण्यापेक्षा बंधाऱ्यालगत स्वतंत्र पुलाचा प्रस्ताव मागावा.

जंगलातल्या रस्त्याला वनविभागाची परवानगी लागते. गावाची नगरपंचायत झाली असेल, तर हद्दीतल्या आतल्या रस्त्यांचं काय झालं ते तपासा. जिल्हा परिषदेने ते सोडलेले असतात आणि नगरपंचायतीने ताब्यात घेतलेले नसतात, असंही सापडतं.

पाणंद आणि शेतरस्ते हा महसूलचा मामला. अतिक्रमण किंवा अडवणूक असेल तर बांधकाम खात्याकडे जाऊन उपयोग नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. अडथळा निघाला की मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून, रोजगार हमीशी सांगड घालून, खडीकरणाचा विचार होऊ शकतो.

आणि ज्या रस्त्याला क्रमांकच नाही, त्याचं पहिलं काम डांबर नव्हे, नोंद. ग्रामसभेचा ठराव करून तो ग्रामीण मार्ग म्हणून नोंदवहीत चढवण्याची मागणी करा. वर्षभर जाईल, पण नोंद नसलेल्या रस्त्यावर देखभालीचा पैसा टाकायला कुठलाही अभियंता धजावत नाही.

पैसा कुठल्या खिशातून येतो

अर्थसंकल्पात रस्त्यांची दोन मुख्य लेखाशीर्षं आहेत आणि ती पाठ असलेली बरी. ३०५४ म्हणजे मार्ग व पूल, महसुली खर्च : खड्डे, नूतनीकरण, गटारं, मोऱ्यांची (रस्त्याखालून पाणी जायच्या छोट्या वाटांची) डागडुजी. ५०५४ म्हणजे मार्ग व पूल यांवरील भांडवली खर्च : नवा रस्ता, रुंदीकरण, मजबुतीकरण, नवा पूल. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना या दोन्ही शीर्षांखाली जिल्हा वार्षिक योजनेतून पैसा मिळतो. तो वाटते पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती. तिसरा आकडा २५१५, ग्रामविकास खात्याचा मूलभूत सुविधांचा निधी. गावातला सिमेंटचा रस्ता, आतलं काँक्रीट गटार आणि सभामंडप बहुतेकदा यातूनच होतात आणि आमदारांच्या शिफारशीवर चालतात.

दुरुस्तीची मागणी ५०५४ मधून केली तर ती दुसऱ्याच रांगेत जाऊन उभी राहते. उलट, पूर्ण उखडलेल्या रस्त्याला ३०५४ मधून पैसे मागितले तर वर्षभराने चार खड्डे बुजवून काम 'पूर्ण' दाखवलं जातं. म्हणून अर्ज लिहिण्याआधी आपल्याला नक्की काय हवं ते ठरवा.

राज्याच्या मोठ्या रस्त्यांसाठी आणखी तीन वाटा आहेत. पहिली केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीची. गावातले कंत्राटदार अजून 'सीआरएफचं काम' म्हणतात ते हेच. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून हा निधी उभा राहतो. इंधनावर जादा कर बसवून तो फक्त रस्त्यांना द्यावा, ही शिफारस १९२७ मध्ये नेमलेल्या ज्या समितीने केली तिचे अध्यक्ष होते बॅ. मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्यातून १९२९ मध्ये पहिला केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस. रस्त्यांची मानकं आजही तीच संस्था ठरवते. २००० च्या कायद्याने या निधीला आजचं कायदेशीर रूप मिळालं. दुसरी वाट नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीची. हे राज्याला मिळणारं कर्ज असतं आणि ग्रामीण भागातले बरेच छोटे पूल त्यातूनच झाले आहेत. तिसरी वाट थेट राज्याच्या अर्थसंकल्पाची, म्हणजे 'बजेटचं काम'.

बजेटच्या कामात एक गोम आहे. कामांच्या यादीत आपल्या पुलाचं नाव आलं की पेढे वाटले जातात. त्या वेळी यादीतला दुसरा आकडा वाचा : यंदाची तरतूद. कामाची किंमत कोटींत आणि तरतूद काही लाखांत असेल, तर ते काम यादीत आहे, तिजोरीत नाही. अशी कामं पुढच्या पुरवणी मागण्यांची वाट बघत पडून राहतात. काम झालं तरी बिल निघेलच असंही नाही. देयकं थकली म्हणून कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये राज्यभर आंदोलनं केली. अर्धवट रस्ता सोडून रोलर निघून गेला, तर कंत्राटदाराला शिव्या देण्याआधी त्याचं बिल अडकलंय का ते विचारावं. कधी कधी तो खरंच चोर असतो, कधी कधी तोही आपल्यासारखाच कचेरीच्या दारात बसलेला असतो.

ग्राम सडक योजनांचं तंत्र वेगळं आणि मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाचं. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत तिचा बांधकामखर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात. जे रस्ते तिच्यात बसले नाहीत त्यांच्यासाठी राज्याने २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्राम सडक योजना आणली. दोन्हींचं काम महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्था बघते. शहाणपण आहे ते करारात : रस्ता बांधणाऱ्यानेच पुढची पाच वर्षं त्याची देखभाल करायची, आणि त्या देखभालीचे पैसे करारात आधीच धरलेले. तुमचा रस्ता या योजनेतला असेल आणि पाच वर्षं झाली नसतील, तर निधीचा प्रश्नच येत नाही. एक साधं पत्र पुरतं. पाच वर्षं संपली की रस्ता बहुतेकदा पुन्हा जिल्हा परिषदेच्या रांगेत येतो, म्हणून ती तारीख भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

उरले आमदार-खासदार निधी, वर्षाला प्रत्येकी ५ कोटी. एका मतदारसंघात शेकडो गावं, वाड्या, शाळा, समाजमंदिरं. त्यातून दोनशे मीटरचा जोडरस्ता मागा, आठ किलोमीटरचा नको. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचं अनुदान येतं, त्यातल्या अबंधित, म्हणजे ठराविक कामाशी न बांधलेल्या, भागातून मोरीचा तुटलेला पाइप किंवा वस्तीतलं गटार ग्रामपंचायत स्वतः करू शकते. एवढ्यासाठी मंत्रालयापर्यंत जायची गरज नसते.

अर्ज कोणत्या महिन्यात

सगळी निवेदनं जुलैत पडतात, कारण तेव्हा गुडघाभर चिखल असतो. जुलै हा डांबराचा महिनाच नाही. पावसात डांबरीकरण करत नाहीत, आणि त्या वर्षाचे पैसे कुठे जायचे ते बऱ्यापैकी ठरून गेलेलं असतं. जुलैत फक्त तातडीचं मागा : वाहून गेलेला भराव, तुंबलेली मोरी, खडी-मुरूम टाकून खड्डे भरणं. पूरहानीचे पंचनामे आणि फोटो मात्र याच दिवसांत करून घ्या. पूरहानी दुरुस्तीच्या यादीत शिरायचं दार पाणी ओसरताच बंद व्हायला लागतं.

मोठ्या मागणीचा हंगाम १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपासून सुरू होतो. तिथे ठराव करा. २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम असते, त्यात रस्ता चढवा. दिवाळीच्या आगेमागे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे प्रस्ताव पोचला पाहिजे, कारण पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचा कच्चा आराखडा तेव्हा आकार घेतो आणि जानेवारीच्या सुमारास समितीपुढे जातो. राज्याच्या रस्त्याचं काम असेल तर आमदारांना डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनाआधी गाठा, म्हणजे पुरवणी मागण्यांत किंवा मार्चच्या अर्थसंकल्पात त्याचा विचार होईल.

फेब्रुवारी-मार्च हा आणखी एक मोका. मार्चअखेरीस काही कामं रद्द होतात, काहींची बचत उरते, आणि अंदाजपत्रक तयार असलेलं काम पटकन उचललं जातं. जिल्हा परिषदेला जिल्हा योजनेचा पैसा दुसऱ्या वर्षाच्या मार्चपर्यंत खर्चता येतो, त्यामुळे "यंदाचा निधी संपला" असं कानावर आलं तर "मागच्या वर्षीचा किती शिल्लक आहे?" हा प्रश्न शांतपणे विचारावा. त्याचं उत्तर द्यायला साहेबांना फाइल उघडावीच लागते.

मागायचं काय : डांबर की गटार?

ग्रामसभेत सगळ्यांना डांबर हवं असतं. गटार मागणाऱ्याकडे लोक कीव आल्यासारखं बघतात. रस्ता मात्र मरतो तो पाण्याने. बाजूपट्टीवर गवत आणि माती साचून ती डांबराच्या वर आली, की पाणी कडेला न जाता रस्त्यावरच थांबतं. मग ते भेगांतून खाली खडीत उतरतं, वरून उसाने भरलेली दुहेरी ट्रॉली जाते आणि महिन्याभरात ताटाएवढा खड्डा. त्यात मुरूम टाकून वर डांबर शिंपडलं तर पुढच्या पावसात तो तिथेच पुन्हा उघडतो, कारण पाण्याची वाट तीच राहिलेली असते.

पुढच्या पावसात छत्री घेऊन आपल्या रस्त्यावर एक फेरी मारा आणि पाणी कुठे साचतं, कुठून आडवं वाहतं, कुणाच्या शेताच्या बांधाने मोरीचं तोंड बुजवलंय, हे किलोमीटरनिशी लिहून घ्या. मोरीचं तोंड बुजवणारा बहुतेक वेळा आपलाच भाऊबंद असतो. हा भाग अवघड आहे आणि तो अभियंता सोडवणार नाही, गावालाच बसून सोडवावा लागतो.

जमीन कसली आहे तेही मागणीत लिहा. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात माती फुगते. तिथे खाली मुरमाचा पुरेसा थर नसेल तर वरचं कितीही चांगलं डांबर लाटांसारखं होतं. कोकणात डोंगराकडच्या बाजूचं गटार नसेल तर अख्खा ओहोळ रस्त्यावरून धावतो. वाळूचे डंपर किंवा कारखान्याची वाहतूक असेल तर हंगामात दिवसाला किती वाहनं जातात ते दोन-तीन दिवस मोजून जोडा. ग्रामीण रस्ता तेवढ्या वजनासाठी केलेलाच नसतो. दर्जोन्नती किंवा मजबुतीकरण मागायला ही मोजणी भरभक्कम कारण ठरते.

पूल, मोरी, फरशी, साकव

पुलाला रस्त्यासारखे खड्डे पडत नाहीत, म्हणून त्याची तक्रारही होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बस वाहून गेल्या. नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. खात्याने मनावर घेतलं तर पूल किती लवकर होतो, हे त्यातून दिसलं. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत पडला आणि चार जण गेले. तो धोकादायक असल्याचे फलक तिथे होते, नव्या पुलाला निधीही मंजूर होता. फलक लावून, पैसा मंजूर करूनही जुन्या पुलावर माणसं चढत राहतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. धोकादायक पुलासाठी मागणी करताना "फलक लावा" लिहू नका. "दोन्ही टोकांना जड अडथळे बांधून पूल बंद करा आणि पर्यायी मार्ग जाहीर करा" असं लिहा.

पुलांची पाहणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर व्हायची असते. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका आहे, एस.पी. ३५. अभियंत्याची पाहणी त्याने करावी, पण मे महिन्यात नदी आटलेली असताना गावातल्या दोन जाणत्या माणसांनी पात्रात उतरून वर बघितलं तर पुष्कळ दिसतं.

पहिलं बघायचं ते पायाला. खांबाभोवतीची माती-खडक वाहून पाया उघडा पडलाय का? पुलाच्या वरच्या-खालच्या अंगाला वाळूउपसा झाला असेल तर हे हमखास होतं, आणि पूल पडण्याचं हेच सगळ्यात घातक कारण आहे. मग सांधे : दगडी पुलाच्या सांध्यांत पिंपळ-वडाचं रोप असेल तर मुळं आत फाकत जातात. रोप नुसतं छाटलं की ते जोमाने परत येतं, मूळ मारावं लागतं. काँक्रीटच्या पुलाखाली तांबडे ओघळ दिसले तर आतली सळई गंजते आहे. कवच सुटून सळई उघडी दिसत असेल तर फोटोत शेजारी पट्टी धरा, म्हणजे किती लांबीत ते कळेल. वर पाणी काढायची भोकं मातीने बुजलेली असतात. ती मोकळी करायला एक मजूर आणि पहार पुरते, तरी वर्षानुवर्षं कुणी करत नाही. पूल आणि भराव जिथे भेटतात तिथे गाडी आदळते का, सांध्याची पट्टी उखडली आहे का, कठडा कुठे तुटलाय, हे चालतानाही दिसतं.

फरशी पूल, म्हणजे पाणी आलं की बुडणारा, हा कोकणात आणि डोंगराळ भागात नेहमीचा. त्याच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी दाखवणारे खांब मागून घ्या, हा खर्च अगदी किरकोळ असतो. साकव, म्हणजे ओढ्यावरचे पायी जायचे छोटे पूल, बहुतेक जिल्हा परिषदेचे असतात आणि जिल्हा योजनेतून होतात. साकवावरून पायवाटेसारखं चालायचं असतं, चारचाकी घालायची नसते. कुणी घालू लागला असेल तर तसं लेखी कळवा.

पूल खरोखर धोक्याचा वाटला तर अर्ज दोघांना जातो. एक, ज्याचा पूल त्या कार्यकारी अभियंत्याला, संरचनात्मक तपासणीसाठी. दुसरा, जिल्हाधिकाऱ्यांना, कारण वाहतूक बंद करण्याचे किंवा जड वाहनं वळवण्याचे आदेश मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली तिथून निघू शकतात.

पत्र

लांबलचक भावनिक निवेदन कुणी वाचत नाही. विषयाची ओळ अशी असावी :

"विषय : ग्रा.मा. ४५, बसथांबा ते वरची वाडी, कि.मी. १/२०० ते २/६०० मधील गटार, एक पाइप मोरी व खड्डे दुरुस्ती ३०५४ मधून घेणेबाबत."

खाली चार मुद्दे. रस्ता शेवटचा कोणत्या वर्षी झाला. आता नेमकं काय बिघडलंय, किलोमीटरसह. त्यावर काय अवलंबून आहे : एसटीच्या फेऱ्या, शाळेची मुलं, दूध संकलन, उपकेंद्र. आणि मागणी, एका वाक्यात. जोडीला ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि तारीख दिसणारे पाच-सहा फोटो. पत्र कार्यकारी अभियंत्याला, प्रत उपअभियंत्याला आणि जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदारांना. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं.

नुसत्या खड्ड्यासाठी एवढा खटाटोप नको. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा फोन आहे आणि राजमार्गयात्रा ॲप आहे, ग्राम सडकेसाठी मेरी सडक ॲप, आणि बाकीच्यांसाठी आपले सरकार पोर्टल. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे दिलेल्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.

पत्र गेल्यावर फाइल कुठल्या पायरीवर आहे हे विचारायला शब्द माहीत हवेत. आधी अंदाजपत्रक होतं, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. "मंजूर झालंय" असं सांगणाऱ्या माणसाला यातलं काय मंजूर झालंय ते विचारा. बहुतेकदा प्रशासकीय मान्यताच असते, आणि तिच्यापासून रोलरपर्यंत अजून बरीच मजल असते. छोटी कामं निविदेविना काम वाटप समितीतून मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना दिली जातात. मोठ्या कामाचे तुकडे पाडून ती या वाटेने काढलेली दिसली, तर तसं त्याच वेळी लेखी विचारा.

काम सुरू झालं की

कामाचा फलक आधी हवा : कामाचं नाव, लेखाशीर्ष, रक्कम, कंत्राटदार, दोषदायित्वाचा कालावधी (काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत). फलक नसेल तर रोलर थांबवू नका, फोटो काढा आणि लेखी कळवा. काम अडवलं की दोष गावाच्या माथी जातो.

अंदाजपत्रकाची प्रत मिळवा आणि थरांची जाडी बघा. ग्रामीण रस्त्यावर २० मिलिमीटर कार्पेट (डांबर-खडीचा पातळ थर) आणि वर सील कोट (पाणी आत जाऊ न देणारा लेप) हे नेहमीचं. खडीकरणाचा दाबलेला थर बहुधा ७५ मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी कडेला फूटपट्टी लावली तर थर किती पडला ते शेंबड्या पोरालाही मोजता येतं. डांबर टाकण्याआधी खालचा पृष्ठभाग झाडून धूळ काढली का, हे सकाळी सातला तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. धुळीवर टाकलेलं कार्पेट पापडासारखं सुटतं. झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत चढतं आणि बिल तिच्यावरून निघतं. म्हणून तक्रार मोजमाप चढण्याआधी पोचली तर तिला धार असते.

ग्राम सडक योजनेच्या कामांना राज्य आणि राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक येतात. ते येणार त्या दिवशी गावातलं कुणी तरी रस्त्यावर असावं. बाकीच्या कामांसाठी बांधकाम खात्याची दक्षता व गुणनियंत्रण यंत्रणा आहे.

उत्तर आलं नाही तर

माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. "रस्त्याची सर्व माहिती द्या" लिहिलं तर अर्ज परत येतो. नेमकं मागा : अमुक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, चाचणी अहवाल, दोषदायित्व संपण्याची तारीख. पुलासाठी मागच्या तीन वर्षांचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे पाहणी अहवाल मागा. अहवाल नसेल तर "आढळून येत नाही" असं लेखी येतं, आणि तो कागद अहवालापेक्षाही कामाचा ठरतो.

कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही आहे, तो फार कमी लोक वापरतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो हे धरूनच चाला. पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच अर्धी माहिती बाहेर येते, कारण तिथे वरिष्ठांसमोर फाइल उघडावी लागते.

दोषदायित्वाची तारीख हातात आली की ती संपण्याच्या दोन-तीन महिने आधी रस्त्यावरून पुन्हा एकदा चालत जा आणि उखडलेल्या जागांची किलोमीटरनिशी यादी कार्यकारी अभियंत्याला द्या. कंत्राटदाराची अनामत रक्कम तोवर कचेरीकडेच असते. ती परत गेली की त्याच खड्ड्यासाठी पुन्हा ३०५४ च्या रांगेत उभं राहावं लागतं.